मोडायची मुभा असलेले सामान

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, एखादी वस्तू चढली की ती मोडायची सोय राहत नाही. वर्षअखेरीस मोजणी होते, एखादी मोटर कमी भरली तर खुलासा द्यावा लागतो, आणि बदली झालेल्या शिक्षकाला चार्ज देताना सगळे मोजून हवाली करावे लागते. म्हणून रोबोटिक्सचे किट येते, त्याचे फोटो निघतात आणि ते कपाटात जाते. याला शिक्षकाचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नुकसानीची भरपाई आपल्याच खिशातून होईल अशी धास्ती असलेली वस्तू सातवीच्या चाळीस मुलांच्या हाती मोकळ्या मनाने कोण देईल? अडचण अशी की अभियांत्रिकी हा विषयच मोडण्यावर उभा आहे. पूल किती वजन पेलतो हे तो मोडल्याशिवाय कळत नाही. मोटर अडली की तापते हे ती तापल्याशिवाय पटत नाही.

तेव्हा गोव्यातल्या शाळांत अभियांत्रिकी शिकवायला पैसा कुठून आणायचा, हे विचारण्याआधी तो पैसा कोणत्या खात्यावर पडतो हे पाहायला हवे. एकरकमी अनुदान यंत्रांवर जाते. शाळेला खरी निकड असते ती दरवर्षी संपणाऱ्या सामानाची: सेल, डिंक, तार, नटबोल्ट, पुठ्ठा, सिरिंजा. हे सामान स्वस्त असते, संपणे हेच त्याचे काम असते आणि नेमके त्याच्यासाठी बहुतेक शाळांकडे तरतूद नसते.

योजना नाहीत असे नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे हाताने खटपट करून शिकायच्या प्रयोगशाळेसाठी, निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान ठेवले. त्यातले दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षांच्या चालू खर्चाला. निम्मी रक्कम चालू खर्चाला राखणे हे शहाणपणाचे होते; सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न मात्र उरतो. गोवा सरकारने सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना आणली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याच वर्गांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली काम करावे अशी कल्पना आहे. पडदा आणि कोड यांची बाजू पहिल्या दोन योजनांमुळे बऱ्यापैकी सांभाळली गेली. लाकूड, पाणी, धातू आणि वजन यांची बाजू उघडी आहे, आणि तीच सर्वांत कमी पैशांत भरून काढता येते.

विज्ञानाच्या प्रयोगात उत्तर आधीच ठरलेले असते. अभियांत्रिकीच्या पाठात ठरलेली असते ती अट: अमुक सामान, तमुक वेळ, आणि शेवटी मोजता येईल असा निकष. किटमधले सगळे भाग एकमेकांत चपखल बसतात, म्हणून मूल पत्रकातल्या चित्रांप्रमाणे जुळवणी करते आणि गाडी धावते. न बसणारा भाग बसवायची वेळच येत नाही, आणि शिकण्यासारखे जे असते ते तिथेच असते.

गोव्यापुरता सांगायचा तर या विषयाचा सर्वांत चांगला पाठ खाजनात आहे. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेती खाऱ्या पाण्यापासून राखायची, आणि पावसाचे पाणी मात्र बाहेर जाऊ द्यायचे, हे काम मानशीचे, म्हणजे बांधातल्या झडपेचे, दार कोणतीही मोटर, सेन्सर किंवा रात्रीचा पहारेकरी नसताना करते. बाहेरचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दार चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला आतले पाणी वरचढ झाले की दार बाहेर ढकलले जाते. बांध फुटून खाजन खारे झाल्याच्या बातम्या मुलांच्या कानावर पडतच असतात. या दाराची प्रतिकृती चार मुलांच्या गटाला जेमतेम शंभर रुपयांत करता येते.

त्यासाठी साधारण ४५ × ३० सेंटीमीटरचा, १५ सेंटीमीटर खोल प्लॅस्टिकचा टब घ्यावा. मधोमध आडवी भिंत घालायला जुन्या जाहिरात फलकाचे सनपॅक (पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा) चालते. भिंतीत तळापासून दोन सेंटीमीटर वर ५ × ५ सेंटीमीटरची खिडकी कापायची आणि भिंतीच्या कडा चिकणमातीने बुजवायच्या. गणेश चवथीनंतर मूर्तिकारांच्या चित्रशाळांत उरलेली माती मिळते, मागून ठेवावी. दार ७ × ७ सेंटीमीटरचे, म्हणजे खिडकीवर चहूबाजूंनी एक सेंटीमीटर चढणारे, आणि ते बाहेरच्या, नदीच्या बाजूला वरच्या कडेवर टांगलेले. निकष असा: आतला भाग कोरडा ठेवून बाहेर आठ-दहा सेंटीमीटर पाणी भरायचे आणि पाच मिनिटांत आत किती मिलिलिटर झिरपले ते मोजायचे. शंभरच्या आत आले तर दार पास. मग बाहेरचे पाणी मगाने काढून आत भरायचे आणि दार आपोआप उघडते का ते पाहायचे. दोन्ही चाचण्यांत पास होणारे दार पहिल्या फटक्यात सहसा होत नाही.

बिघडते कुठे, हे शिक्षकाला आधी ठाऊक हवे. सनपॅकच्या पोटात उभ्या नळ्या असतात. खिडकी कापली की त्या उघड्या पडतात आणि पाणी दारातून न येता भिंतीच्या पोटातून येते. मुले अर्धा तास दाराशी झटत बसतात. कापलेल्या कडेवर गरम डिंकाची रेघ ओढली की हे थांबते. दार फ्लेक्सच्या कापडाचे केले तर दाबाने खिडकीत आत फुगते आणि कडेने गळते. फाईलच्या जाड प्लॅस्टिकचे केले तर सपाट राहते, पण हलके असल्याने तरंगते. खालच्या कडेला दोन लोखंडी वायसर चिकटवले की ते जागेवर येते. बिजागरी म्हणून लावलेली साधी सेलोटेप पाण्यात दहा मिनिटांत सुटते, तिथे सुती दोऱ्याचे दोन सैल टाके घालावेत. टाके घट्ट पडले की दार उघडत नाही, फार सैल पडले की बसताना तिरके होते. गणितही साधे आहे. खिडकीचा मध्य बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली सहा सेंटीमीटर असेल तर सहा गुणिले पंचवीस, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम वजनाएवढा जोर दारावर पडतो. खोली दुप्पट केली की जोर दुप्पट. आठवीच्या मुलाला दाबाचे सूत्र पाठ करायला लावण्यापेक्षा हा जोर बोटाने ढकलून पाहायला लावावा.

सिरिंजांचा पाठ अनेक शाळांत होतो, पण बहुधा जेसीबीची प्रतिकृती करून थांबतो. फेरीबोटीचा गाड्या चढवायचा पुढचा फळा उचलायला लावला तर मोजमाप येते. २० मिलिलिटरची सिरिंज फळ्याखाली आणि ५ मिलिलिटरची हातात, मध्ये ४ मिलिमीटरची मासळीच्या टाकीची नळी. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ लहान दट्ट्याच्या सुमारे अडीच पट, म्हणून जोर तेवढा वाढतो आणि फळा वर जाण्याचे अंतर तेवढेच घटते. लहान सिरिंज पूर्ण दाबली तरी मोठी पाव भागच सरकते, तेव्हा फळ्याचा टेकू बिजागरीच्या जवळ कुठे लावायचा हे मुलांना शोधावे लागते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळे रबरासारखे लवचीक होते, म्हणून दोन्ही सिरिंजा बादलीत पाण्याखाली धरूनच जोडाव्यात. काही आठवड्यांनी दट्टे अडकू लागतात. ग्लिसरीनचा थेंब पुरतो, शिवणयंत्राचे तेल मात्र रबर फुगवते. सिरिंजा औषधाच्या दुकानातून नव्या, सुईशिवाय घ्याव्यात. आरोग्य केंद्रातून ‘फुकट’ मिळणाऱ्या वापरलेल्या सिरिंजा शाळेच्या दारातही येऊ देऊ नयेत.

पुलाच्या पाठाला गोव्यात निमित्त शोधावे लागत नाही. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, आणि आज त्याच नदीवर केबलवर तोललेला अटल सेतू उभा आहे. वर्तमानपत्राचे पान सायकलच्या आरीवर कोपऱ्यातून तिरके गुंडाळले की चांगली ताठ नळी होते; माणगा बांबूच्या तीन-चार मिलिमीटरच्या काड्या त्याहून सरस. भार म्हणून बादली टांगून त्यात मगाने पाणी ओतावे, एक लिटर म्हणजे एक किलो. नळ्या क्वचितच मोडतात, आधी सुटतात ते सांधे. बांबू पावसाळ्यात कापलेला कोवळा असेल तर त्याला भुंगा लागतो, म्हणून काड्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून मग सुकवाव्यात.

पुठ्ठ्याबद्दल एकच सांगायचे आहे. त्याच्या पोटातल्या नागमोडी घड्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने तो ताठ असतो. चाके आणि कप्प्या कापताना दोन थर एकमेकांना काटकोनात चिकटवावेत. गोव्यात पाच थरांची उत्तम खोकी सर्वांत जास्त मिळतात ती मद्याच्या दुकानांत. मुख्याध्यापकांची कुचंबणा समजण्यासारखी आहे, पण खोके उलटे करून जोडले की छपाई आत जाते आणि पुठ्ठा तोच राहतो.

विजेच्या कामात पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर. स्वस्त किटमध्ये हीच येते, कारण तिची जोडणी सोपी आणि आकार सुबक. तिची क्षमता थोडी आणि अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे मोटर लावली की व्होल्टेज कोसळते आणि तास संपेपर्यंत बॅटरी संपते. ‘मोटर खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. चार पेन्सिल सेल एकामागे एक जोडून सहा व्होल्ट घ्यावेत, पैसे वाचतात आणि मोटर धावते. दुसरी नेहमीची चूक आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या पिनेवर थेट मोटर लावण्याची. ती पिन वीसेक मिलिअँपिअरसाठी बनलेली असते, आणि खेळण्यातली मोटर अडली की शेकडो मागते. मध्ये एल२९३डीसारखी चालक चिप हवी. एकाच दिशेला फिरवायची असेल तर एक ट्रान्झिस्टर आणि मोटरशी समांतर, उलटा जोडलेला १एन४००७ डायोड. एलईडीला पाच व्होल्टवर ३३० ओहमचा रोध लावला की नऊ मिलिअँपिअर जातात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो; रोधाशिवाय लावला की एकदाच झगमगतो. हे एकदा मुद्दाम करून दाखवावे. एका एलईडीची किंमत रुपया-दोन रुपये, आणि जळलेला एलईडी मुलांच्या लक्षात राहतो.

उरलेले पुष्कळ भंगारात आहे, मात्र काय आणायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे स्पष्ट हवे. जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये स्क्रूवर सरकणारी छोटी स्टेपर मोटर असते. प्रिंटरमध्ये पॉलिश केलेल्या सळ्या, दातेरी पट्टा आणि मोटरी असतात; बाजारातून घ्यायला गेले तर या सळ्याच महाग पडतात. गॅरेजमध्ये मोडीत निघालेल्या गाडीची वायपर मोटर १२ व्होल्टवर सावकाश आणि जबर ताकदीने फिरते, आतल्या वर्म गिअरमुळे भार ठेवला तरी मागे घसरत नाही. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे चौकोनी नळीचे तुकडे, प्लंबरकडे पीव्हीसीचे, सुतारमेस्ताकडे प्लायचे. हॉटेलांची डागडुजी पावसाळ्यात निघते, तेव्हा पडद्यांचे रॉड, कपाटांच्या बिजागऱ्या आणि जुन्या टेलिफोनांची गाठोडी त्यांच्या मागच्या दाराशी पडलेली असतात. जून-जुलैत जाऊन मागितली तर मिळतात. याउलट मायक्रोवेव्ह, जुना ट्यूबचा टीव्ही आणि संगणकाचा पॉवर सप्लाय उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज शिल्लक राहू शकते. फुगलेली मोबाइलची बॅटरी आणायचीच नाही. वर्गात लागणारी वीज सेलमधून किंवा शाबूत मोबाइल चार्जरच्या पाच व्होल्टमधून घ्यावी. काढून उरलेल्या सर्किट बोर्डांचा ढीग शाळेच्या आवारात साचू न देता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावा.

भंगारातले शिक्षण म्हणजे गरिबांचे शिक्षण, अशी एक कुरबूर पालकांकडून येते. शेजारच्या खासगी शाळेत ड्रोन, आणि आमच्या मुलांना पुठ्ठा? शंका खोटी नाही, आणि तिला तुच्छतेने उडवून लावू नये. ड्रोन उडताना पाहण्यात मौज आहेच. पण त्या ड्रोनला हात किती मुलांचा लागला, आणि तो पडल्यावर दुरुस्त कोणी केला, हे पालकांनी दोन्ही शाळांत विचारावे. अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झालेल्या मुलाला हॅकसॉ धरता येत नाही, ही तक्रार तिथले कार्यशाळा-निदेशक करतातच.

खर्चाचा हिशेब चाळीस मुलांच्या वर्गाचा, म्हणजे दहा गटांचा धरू. सध्याच्या किरकोळ भावाने, थोडे इकडेतिकडे गृहीत धरून, हत्यारांची पेटी सात ते नऊ हजारांत होते: दहा कटर आणि स्टीलच्या पट्ट्या, पाच पकडी, पाच छोटे हॅकसॉ, स्क्रूड्रायव्हरचे संच, चार सी-क्लॅम्प, एक हातड्रिल, तीन ग्लू गन, २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न, पाच साधे डिजिटल मल्टिमीटर आणि दहा चष्मे. चष्म्यांत काटकसर करू नये. दरवर्षी संपणारे सामान: मोटरी, एलईडी, ऐंशी सेल, चाळीस सिरिंजा, नळी, एक किलो फेव्हिकॉल, तेवढ्याच डिंककांड्या, तार, नटबोल्ट, आइस्क्रीमच्या काड्या, टेप. ही बेरीज चार हजारांच्या आसपास जाते, म्हणजे मुलामागे वर्षाला शंभर रुपये. पाच-सहा आर्डुइनोसारखे बोर्ड पुढच्या वर्षी घेता येतील. पहिल्या वर्षी मोटर, सेल आणि बटण यांचे सर्किट हाताने जुळवता आले तरी खूप झाले.

ही शंभर रुपयांची तरतूद शिक्षण खात्याने स्वतंत्र शीर्षाखाली, खपणारे सामान म्हणून, दरवर्षी द्यावी. डेडस्टॉकात फक्त हत्यारे चढावीत. बाकीचे साध्या साठावहीत येईल आणि वर्गाची तारीख टाकून तिथेच खर्ची पडेल. मुख्याध्यापकाला त्यासाठी वरून परवानगी मागायला लागू नये. भंगारवाला पक्के बिल देत नाही, ही हिशेबनिसाची रास्त अडचण आहे. वजनाची पावती आणि दोन शिक्षकांच्या सहीचे व्हाउचर ठराविक रकमेपर्यंत ग्राह्य धरले की ती सुटते. हे सगळे एका परिपत्रकाचे काम आहे, त्याला नवी योजना लागत नाही.

वेर्णा, कुंडई, थिवी, मडकई इथल्या औद्योगिक वसाहतींत रोज तुकडे निघतात. एकेका शाळेने गेटवर जाऊन मागितले तर सुरक्षारक्षक परत पाठवतो, आणि त्याचे बरोबरच आहे. बारा तालुक्यांत प्रत्येकी एका शाळेत किंवा आयटीआयमध्ये सामानाची पेढी ठेवली, तर कारखान्यांना एकच पत्ता मिळतो आणि शाळांना महिन्यातून एकदा टेम्पो. पेढीवर दोन नियम कडक हवेत: तेलकट, रसायन लागलेले किंवा धारदार कडांचे काही घ्यायचे नाही, आणि वर्षभर कोणी न उचललेला माल परत भंगारात घालायचा. दुसरा नियम पाळला नाही तर पेढीचे गोदाम होते. गोव्याच्या पावसात गोदामातला पुठ्ठा दोन आठवड्यांत लोळागोळा होतो आणि स्क्रू एकमेकांना गंजून चिकटतात. पुठ्ठा उन्हाळ्यातच जमवून माळ्यावर ठेवावा. लोखंडी सामानाला शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकून. पावसाळ्यात फेव्हिकॉल वाळायला दुप्पट वेळ घेतो, म्हणून चिकटवणे एका तासाला आणि चाचणी पुढच्या आठवड्यात ठेवावी.

शिकवणारे हातही गावात आहेत. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचे हात हलवणारी, मान फिरवणारी मुले आणि माशेलच्या परिसरात चवथीचे हलते देखावे उभारणारे कारागीर कॅम, कप्पी आणि चार दांड्यांची जोडणी नावे न घेता वापरतात. दप्तराविना दहा दिवसांत त्यांना बोलवावे, आणि शाल-श्रीफळावर न भागवता मानधन द्यावे. अभ्यासक्रमासाठी फार लांब जावे लागत नाही: पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ पासून ग्रामीण मुलांसाठी कामातून शिक्षण सुरू केले, आणि त्यातून आठवड्याला एक दिवस हाताने काम करण्याचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम घडला. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून केलेल्या खेळण्यांची पुस्तके मराठीतही मोफत उपलब्ध आहेत. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आराखडा आणि तंत्रज्ञान शिक्षणावर काम करत आले आहे. गोव्याचा शिक्षक हे सगळे मूळ मराठीतून किंवा इंग्रजीतून सहज वाचू शकतो.

वाचून मात्र भागत नाही. मानशीचे दार, सिरिंजांचा फळा आणि सहा व्होल्टची मोटर या तिन्ही गोष्टी शिक्षकाने वर्गात नेण्याआधी एकदा स्वतः करून, गळवून आणि दुरुस्त करून पाहिलेल्या असाव्यात. पणजी, म्हापसा, फर्मागुडी, डिचोली, मडगाव, वास्को इथल्या आयटीआयच्या कार्यशाळा शनिवारी दुपारनंतर रिकाम्या असतील तर असे दोन शनिवार पुरतात. आयटीआयच्या निदेशकाला मानधन आणि शिक्षकाला त्या दिवसाची भरपाई रजा मिळाली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या शनिवारी कार्यशाळेत निदेशक एकटाच बसलेला असेल.